नोंद आमची, दप्तर कोणाचे?

खाजगी माहितीच्या रक्षणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्याच्या मनात पाप नाही त्याने नोंदीला का भ्यावे? मोबाइलच्या द्वारे कंपन्या आपले जाणे-येणे टिपोत, सरकार बोटांचे ठसे साठवो, सरळमार्गी गृहस्थाचे त्यात काय बिघडते? हा प्रश्न विचारणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात, म्हणूनच त्यांना उडवून लावणे योग्य नव्हे. मात्र उत्तरासाठी कायद्याची पुस्तके उघडण्यापूर्वी आम्हांला गोमंतकाच्या इतिहासाकडे वळावेसे वाटते. माणसाविषयीची माहिती लिहून ठेवण्याचे, ती दडवण्याचे आणि तिच्या बळावर त्याला नमवण्याचे अनेक प्रकार या चिमुकल्या भूमीने पाहिले आहेत.

आमचे म्हणणे आरंभीच मांडतो. नोंद ही मुळात शत्रू नव्हे. नोंद होती म्हणूनच आपल्या घराण्यांची वतने, देवस्थानांतील मान आणि जमिनीवरील हक्क टिकले. परंतु प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारावे लागतात. दप्तर कोणाच्या ताब्यात आहे? ते कोणत्या कामासाठी लिहिले गेले? आणि ज्याची नोंद झाली त्याला ती वाचता येते का, चुकली असल्यास दुरुस्त करून घेता येते का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या ज्या काळी दप्तरदाराने दिली नाहीत, त्या त्या काळी सरळमार्गी माणसालाही भ्यावे लागले आहे.

प्रथम गावाचे दप्तर पाहू. पोर्तुगीजांनी १५२६ साली आफोंसो मेशिया याच्या 'फोराल'मध्ये गोव्यातील गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले. गावकरी ही संस्था त्याहून कितीतरी जुनी. गावकारांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा आणि कुळकर्ण्याने तो लिहून ठेवावा, ही तिची रीत होती. पेडणे आणि डिचोली हे महाल त्या काळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होते आणि पुढे दीर्घकाळ वाडीकर सावंतांच्या अमलाखाली राहिले. तेथे जमाबंदी, इनामे, निवाडे हे सारे मराठीत आणि मोडी लिपीत लिहिले जाई. या दप्तराचा विशेष असा की, ते ज्यांच्याविषयी होते त्यांच्यापैकीच कोणीतरी ते सांभाळत असे. कुळकर्ण्याने हातचलाखी केली तर चार गावकार त्याला बैठकीत जाब विचारू शकत.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्यासारख्या जुन्या घराण्यांच्या वाचकांपुढे मांडलीच पाहिजे. बैठकीत बसण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. जे शेत कसत त्यांचे नाव कागदावर क्वचितच येई, आणि आले तरी तो कागद भाटकाराच्या पेटीत कुलूपबंद असे. कुळाला आपण किती वर्षे जमीन कसतो हे ठाऊक असे, परंतु दाखवायला कागद नसे. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला, तेव्हा अनेक वाद नोंदीवर येऊन थांबले. दप्तर ज्याच्या घरी, त्याची बाजू वरचढ, हा नियम परक्या सत्तेपुरताच खरा आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता नदीपलीकडे पाहू. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर हे न्यायासन १८१२ पर्यंत चालू राहिले. त्याची दहशत शिक्षेइतकीच कामाच्या पद्धतीत होती. फिर्याद कोणी केली हे आरोपीला सांगितले जात नसे. आरोपही आरंभी सांगितला जात नसे; तुला येथे का आणले असावे हे तूच आठवून सांग, असे त्याला बजावले जाई. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य या तुरुंगात राहिला होता. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तान्तात या पद्धतीचे वर्णन आहे. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे न समजता आपणच आपला गुन्हा शोधायचा, याहून मोठा छळ कोणता?

१७३६ साली याच न्यायासनाने जो जाहीरनामा काढला तो अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे अभ्यासकांना परिचित आहे. ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांनी जुने रिवाज पाळू नयेत म्हणून तो निघाला होता. अंगणात तुळस असू नये, लग्नात अमुक गाणी म्हणू नयेत, अमुक पोशाख करू नये, भात हिंदूंप्रमाणे मिठावाचून शिजवू नये, अशी ती यादी. भातात मीठ घातले की नाही हे सत्तेला कळणार कसे? शेजारी सांगेल तेव्हा, चाकर सांगेल तेव्हा, भावकीतला कोणी सांगेल तेव्हा. चुलीपर्यंत पोचणारा कायदा अंमलात आणायचा तर घरोघरी कान लागतात. ज्याच्या मनात पाप नव्हते त्यालाही भातातल्या मिठाची चिंता करावी लागली, हा आरंभीच्या प्रश्नाला इतिहासाने दिलेला पहिला जबाब होय.

पेडणे आणि डिचोलीच्या वाट्याला हे आले नाही. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराने नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे गावी आश्रय घेतला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. देवाप्रमाणे माणसेही नदी ओलांडून आली. पुढे १७८१ च्या सुमारास डिचोली आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, तेव्हा नव्या काबिजादींतील लोकांच्या धर्मात आणि रूढींत हात न घालण्याचे धोरण त्या सत्तेला स्वीकारावे लागले होते. आपल्या देव्हाऱ्यांपुढची तुळस टिकली त्यात पूर्वजांचे शौर्य जितके आहे, तितकाच तारखांचा योगायोगही आहे. शंभर वर्षे आधी हे महाल गेले असते तर आपली चूलही त्या यादीत आली असती.

इन्क्विझिशन बंद झाल्यावर गोव्यातील तिच्या दप्तराचा फार मोठा भाग नष्ट करण्यात आला. म्हणजे जिवंतपणी आरोपीला जे वाचता आले नाही, ते आज त्याच्या वंशजालाही वाचता येत नाही. याच्या उलट १५९५ साली दिओगु दु कोतु याच्या हाती सोपविलेले राज्याचे दप्तर मात्र टिकले. आमच्याच सत्तरी महालातील पिसुर्ले गावचे सुपुत्र पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पुढे ते दप्तरखाना म्हणून नीट लावले आणि त्यातून मराठ्यांच्या इतिहासाची साधने जगापुढे ठेवली. राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिलेला कागद जितांच्या वंशजाने वाचला आणि त्याचा अर्थ बदलला. वाचण्याचा अधिकार मिळाला की नोंदीचे स्वरूप कसे पालटते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

तिसरे दप्तर सालाझारच्या राजवटीचे. १९१० च्या प्रजासत्ताकाने हिंदूंना समान हक्क दिले होते, मराठी वृत्तपत्रांना मोकळा श्वास मिळाला होता. १९२६ च्या लष्करी सत्तांतरानंतर ते दिवस संपले. छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती आली आणि लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाऊ लागली. मंगलाष्टकांचा मुहूर्त सरकारी शिक्क्यावाचून छापता येत नव्हता, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. डॉ. लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडली, तिच्यामागे ही घुसमट होती. ट्रिस्टांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर यांना त्याच वर्षाच्या चळवळीत शिक्षा होऊन थेट पोर्तुगालात नेण्यात आले.

पन्नाशीच्या दशकात 'पीद' या नावाने कुप्रसिद्ध असलेले पोर्तुगालचे गुप्त पोलीस खाते गोव्यातही आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर सीमा जवळजवळ बंद झाली. पेडण्यातील घरांची सोयरीक बांदे, सावंतवाडी, वेंगुर्ले येथे. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आलेल्या. अशा घरांना पत्रात काय लिहावे आणि काय लिहू नये याचा विचार करावा लागला. येथेही गुन्हेगार तेवढाच भ्यायला असे झाले नाही. ज्या घरात कोणी चळवळीत नव्हता, त्या घरातही आवाज खाली आला.

या कथेचा पुढचा भाग गोव्यात फारसा सांगितला जात नाही, म्हणून येथे थोडे थांबू. १९६१ साली आपण त्या राजवटीतून सुटलो. खुद्द पोर्तुगाली जनता सुटायला १९७४ उजाडले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, तेथील सरकारने प्रत्येक नागरिकाला एक राष्ट्रीय ओळख-क्रमांक देण्याचा कायदा केला होता. क्रांतीनंतर १९७६ मध्ये जी राज्यघटना झाली तिच्या ३५ व्या कलमात तीन गोष्टी घातल्या गेल्या. यंत्रावर साठविलेली आपल्याविषयीची माहिती आणि तिचा हेतू जाणून घेण्याचा व ती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार नागरिकाला राहील. राजकीय मते, धर्मश्रद्धा आणि खाजगी आयुष्य यांची माहिती, ओळख पटू न देणारी आकडेवारी सोडल्यास, संगणकावर चढविता येणार नाही. आणि नागरिकांना एकच राष्ट्रीय क्रमांक देण्यास मनाई राहील. संगणक अजून मोठ्या खोल्या अडवून बसत होते, तेव्हा ज्या देशाने गुप्त पोलिसांची दप्तरे सोसली त्याने ही तजवीज घटनेत केली. २००७ मध्ये तेथे नवे नागरिक-पत्र आले, तेव्हाही कर, सामाजिक सुरक्षा आणि आरोग्य यांचे क्रमांक त्यावर वेगवेगळेच ठेवावे लागले. 'पीद'ची दप्तरे १९९४ पासून लिस्बनमध्ये अभ्यासकांना खुली झाली. ज्यांनी जुलूम केला त्या देशाने त्यातून धडा घेतला. ज्यांच्यावर जुलूम झाला ते आपण मात्र, सुटलो या आनंदात, धडा घ्यायचे विसरलो.

भारतात २००९ साली आधार प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या दप्तरासंबंधीचा एक मोठा प्रश्न गोव्यातच उभा राहिला, हे पुष्कळांच्या स्मरणात नसेल. जानेवारी २०१३ मध्ये वास्को येथील एका शाळेत एका बालिकेवर अत्याचार झाला. साऱ्या गोव्याचे रक्त उसळले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि घटनास्थळी मिळालेले ठसे जुळवून पाहण्यासाठी गोव्यात आधार काढलेल्या सर्वांची ठशांची माहिती मिळावी, अशी मागणी करण्यात आली. वास्कोच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मान्य केली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात पोचले, आणि २४ मार्च २०१४ रोजी त्या न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून तिची जैविक माहिती अन्य कोणत्याही यंत्रणेला देऊ नये.

हे प्रकरण अवघड होते, आणि ते अवघड होते हे मान्य केल्यावाचून त्यावर मत देणे आम्हांला अप्रामाणिक वाटते. त्या बालिकेला न्याय मिळावा असे कोणाला वाटणार नाही? परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची वस्ती साडेचौदा लाखांच्या आसपास. धान्य, शिष्यवृत्ती, गॅसची सवलत यांसाठी ज्यांनी रांगेत उभे राहून बोटे टेकवली, ते सारे एका मागणीने संशयितांच्या रांगेत उभे राहणार होते. शिवाय लाखो ठशांतून जुळणी करताना निरपराध माणसाचा ठसा जुळल्याचा आभास होण्याचा धोका असतो, ही बाब खुद्द प्राधिकरणानेच न्यायालयापुढे मांडली होती. दप्तर एका कामासाठी लिहिले आणि दुसऱ्या कामासाठी उघडले, की देणाऱ्याचा विश्वास मोडतो. पुढे २०१६ च्या आधार कायद्याने मूळ जैविक माहिती कोणालाही देण्यास मनाई केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि २०१८ च्या निकालाने खाजगी कंपन्यांना आधारची सक्ती करू देणारी वाट बंद केली. या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा वास्कोत जोडला गेला, याची नोंद गोव्याच्या इतिहासकारांनी ठेवावी.

आता कंपन्यांकडे वळू. या नव्या दप्तरदारांच्या हाती बंदूक नाही, तुरुंग नाही. ते फुकट निरोप पोचवतात, वाट दाखवतात, नातवंडांचे फोटो घरी आणून देतात. मुंबईला, आखातात, लिस्बनला पांगलेली आपली कुटुंबे त्यांच्यामुळेच जवळ राहिली, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोबदला म्हणून ते आपली नोंद ठेवतात, आणि तिच्यावरून आपल्याविषयी अनुमाने बांधतात. ती आपल्याला दिसत नाहीत. देलाँच्या न्यायाधीशांप्रमाणे आपल्याविषयी काय लिहिले आहे हे सांगायला तेही सहसा पुढे येत नाहीत. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीस आले, तेव्हा फेसबुकवरील कोट्यवधी लोकांना आपली माहिती निवडणुकीच्या व्यापाऱ्यांकडे गेल्याचे प्रथम कळले.

कंपन्या म्हणतात, आम्ही संमती घेतली आहे. या संमतीची जात आपल्या घराण्यांना ओळखीची असायला हवी. पोर्तुगीज आमदनीत दस्तऐवज पोर्तुगीज भाषेत होत. पेडण्याचा शेतकरी, डिचोलीची विधवा, ज्यांना त्यातले एक अक्षर वाचता येत नसे, त्यांनी दाखविलेल्या जागी अंगठा उठवायचा. पुढे वाद निघाला की 'अंगठा तुमचाच आहे' असे उत्तर मिळे. आज मोबाइलवर वीस पानांचा मजकूर सरकवून 'मान्य' या शब्दावर बोट टेकवताना आपण निराळे काय करतो? जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी पुढे केल्या, त्या स्वीकारा नाहीतर सेवा सोडा, अशा थाटात. त्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. ज्या संमतीला नकाराची मोकळीक नाही ती संमती नव्हे, हे तत्त्व त्यामागे आम्हांला दिसते.

मग सरकारने कंपन्यांना आवरावे का? आमचे उत्तर होकारार्थी आहे. ज्या दप्तराला गावाची बैठक जाब विचारू शकत नाही, त्याला कायद्यानेच विचारावा लागतो. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. कंपन्यांवरील मुख्य कर्तव्यांना मात्र अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यात दोन चांगल्या गोष्टी आहेत. नागरिकाला आपली नोंद पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा अधिकार त्याने मान्य केला. आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय ठेवली. मराठीत आणि कोंकणीतही. परभाषेतल्या कागदावर अंगठे उठवलेल्या प्रदेशाला या दुसऱ्या तरतुदीचे मोल अधिक कळावे, आणि आपल्या संस्थांनी तिचा आग्रह धरावा.

परंतु त्याच कायद्याच्या १७ व्या कलमान्वये केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कायद्यातून मोकळे करू शकते. तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही केंद्राच्याच हाती आहेत. शिवाय त्याने माहिती अधिकाराच्या कायद्यात बदल करून, वैयक्तिक म्हणविली जाणारी माहिती नाकारण्याची वाट अधिक रुंद केली. म्हणजे नागरिकाची नोंद सरकारला दिसावी आणि सरकारची नोंद नागरिकाला कमी दिसावी, अशी ही उलटी रचना होते. सालाझारच्या सेन्सॉरलाही सार्वजनिक सुव्यवस्था हाच शब्द पुरत असे. आजचे शासन लोकनियुक्त आहे, न्यायालये जागी आहेत, तेव्हा दोहोंना एका मापाने मोजणे आम्हांला मान्य नाही. तरीही चांगल्या हाती आहे म्हणून दप्तराला कुलूप नको, हा युक्तिवाद हात बदलले की महाग पडतो.

केवळ खुलेपणा पुरेसा आहे असेही नव्हे. गोव्यात बनावट जुन्या कागदपत्रांच्या आधारे जमिनी बळकावल्याची प्रकरणे पुढे आली, तेव्हा २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. मोपा येथे विमानतळ झाल्यापासून पेडण्यातील वरकस जमिनीकडेही दूरदूरचे डोळे वळले आहेत. कोणाचे वारस परदेशी आहेत, कोणते घर बंद आहे, ही माहिती आता सोन्याच्या मोलाची आहे. म्हणून आम्हांला असे वाटते की, नोंद वाचणाऱ्याचीही नोंद झाली पाहिजे. आपला एक-चौदाचा उतारा कोणी आणि केव्हा काढला, आपली आधारची ओळख कोणी तपासली, आपला तपशील कोणत्या कंपनीने कोणाला दिला, हे ज्याचे नाव त्यावर आहे त्याला विचारल्यावाचून कळावे.

शेवटी एक शब्द आपल्याच घराण्यांविषयी. आपण मोठ्या हौसेने कुलवृत्तान्त छापतो. त्यात जन्मतारखा असतात, आईचे माहेर असते, पत्ते आणि दूरध्वनी असतात. पूर्वी हा ग्रंथ भावकीत फिरे. आता कोणीतरी त्याची पाने यंत्रावर चढवतो आणि ती जगभर जातात. बँकेचे खाते उघडताना ओळख पटविण्यासाठी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे त्यात सापडतात. कुलवृत्तान्त छापूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते गाळावेत, ज्यांची नावे घालायची त्यांना, विशेषतः माहेरवाशिणींना आणि सुनांना, आधी विचारावे, आणि चुकीची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करण्याचे वचन पाळावे. सरकारला आणि कंपन्यांना जे तीन प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरे आपल्या घरच्या दप्तरानेही द्यायला हवीत. पुढच्या वेळी कुलसभेत नव्या आवृत्तीचा विषय निघाला, तर चर्चेचा आरंभ तेथूनच व्हावा.